चाकांवरचे बिऱ्हाड: निवृत्तीनंतर मोटरहोममध्ये कायमचे राहायचे, म्हणजे नेमके काय?

निवृत्तीनंतर घर भाड्याने देऊन किंवा कुलूप लावून, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या गाडीत वर्षभर राहायचे, हा विचार आता नागपुरातही गंभीरपणे बोलला जाऊ लागला आहे. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात स्थिरावलेली असतात, निवृत्तिवेतन दरमहा खात्यात जमा होत असते, हातपाय चालत असतात आणि नोकरीच्या काळात रजांच्या हिशेबात कसाबसा बसवलेला देश आता सावकाश पाहावा असे दोघांनाही वाटत असते. नागपूरकराला तर भूगोलाचीही साथ आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि गुजरातहून ओडिशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नागपूरलाच एकमेकांना छेदतात आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच मुंबईकडे निघतो.

मात्र निर्णय घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सहलीला गेलेला माणूस घर मागे ठेवून जातो आणि ते घर त्याच्या गैरहजेरीतही बरीच कामे करीत असते. त्याच्या नावाची पत्रे तिथे येतात, मतदार यादीत त्याचे नाव तिथल्या पत्त्यावर असते, सांडपाणी आणि मैला तिथून आपोआप वाहून जातो, वीज भिंतीतून मिळते आणि रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा हे ठरलेले असते. कायमचे रस्त्यावर राहायचे म्हणजे ही सगळी कामे दोन माणसांनी स्वतःच्या अंगावर घ्यायची. माझ्या मते गाडीची निवड हा या विषयातला त्या मानाने सोपा भाग आहे, आणि दुर्दैवाने बहुतेकांची सगळी चर्चा त्याच भागात संपते.

अमेरिकेचे चित्रफितींतले जग

ही कल्पना आपल्याकडे प्रामुख्याने अमेरिकन चित्रफितींतून आली, म्हणून तिथली पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. फ्लोरिडातील टँपा येथे १९१९ मध्येच मोटारीतून फिरून तंबूत राहणाऱ्यांची ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना उभी राहिली होती. पूर्णवेळ गाडीत राहणाऱ्यांचा ‘एस्केपीज’ हा क्लब १९७८ मध्ये सुरू झाला आणि त्याचे मुख्यालय टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे आहे. घर विकून निघालेल्या दांपत्यांना कायदेशीर पत्ता लागतो, म्हणून अनेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा या, राज्याचा आयकर नसलेल्या राज्यांपैकी एखाद्याचे रहिवासी होतात आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता वापरतात. हिवाळ्यात ॲरिझोनामधील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्काम अल्प शुल्कात करता येतो. गाडीतला मैला रिकामा करण्यासाठी देशभर ठिकठिकाणी खास जागा असतात.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, त्या चित्रफितींत दिसणारी निवांत सकाळ या शंभर वर्षांच्या व्यवस्थेवर उभी आहे. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, केरळनेही त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले; पण ही धोरणे पर्यटकांच्या चार-आठ दिवसांच्या मुक्कामासाठी आहेत. वर्षभर गाडीत राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीची व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही, आणि ती नाही असे धरूनच आखणी केली पाहिजे.

गाडी आणि कायदा

आपल्याकडे असे घर बहुधा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर उभारले जाते. जुनी ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यायची, ओळखीच्या सुताराकडून आत पलंग आणि ओटा बसवून घ्यायचा आणि निघायचे, हा मार्ग अनेकांना मोहात पाडतो. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपुस्तिकेत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत मनाने करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि अशा गाडीत बसण्याची जागा व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची जागा असणे अपेक्षित असते. त्यामुळे मान्यता असलेल्या उत्पादकाकडून गाडी बनवून घ्यावी, किंवा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, म्हणून नोंदणीच्या वेळी आपली गाडी त्याच प्रकारात नोंदली जाते आहे याची खात्री करावी. विमा कंपनीला आतील बदलांची माहिती दिली नसेल तर अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि तेव्हा वाद घालण्याचे बळ आपल्यात नसते.

परवान्याचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्या हलक्या मोटार वाहनांत येतात, म्हणजे कारच्या परवान्यावर अशी गाडी चालवता येते. मात्र वयाच्या ५५ नंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. एमएच-३१, एमएच-४० किंवा एमएच-४९ ची गाडी घेऊन देशभर फिरता येते, फक्त एकाच परराज्यात ती बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते.

वजनाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, त्यावर बॅटऱ्या, गॅस, धान्य, कपडे, पुस्तके आणि दोन माणसे. पूर्ण भरलेली गाडी कळमना बाजाराच्या बाजूला एखाद्या धर्मकाट्यावर नेऊन तोलावी आणि आलेला आकडा नोंदणीपुस्तिकेतील कमाल वजनाशी ताडून पाहावा. जास्त भरलेल्या गाडीचे टायर मे महिन्यातल्या तापलेल्या रस्त्यावर फुटतात आणि उतारावर ब्रेक उशिरा लागतात.

विजेचा हिशेब

इथे थोडे थांबून आकडे मांडले पाहिजेत, कारण उन्हाळ्यात ४५ अंश पाहणाऱ्या शहरातल्या माणसाला ‘एसी चालेल का?’ हा पहिला प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर त्याला क्वचितच नीट मिळते.

वीजबिलावर असते तेच युनिट इथे घ्या. गाडीतला ८०-१०० लिटरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास घेईल. कमी वीज खाणारे दोन पंखे बारा तास चालले तर आणखी अर्धे युनिट, आणि दिवे, पाण्याचा पंप व मोबाइल मिळून पाव युनिट. म्हणजे काटकसरीचा संसार दिवसाला दीड युनिटमध्ये भागतो. छतावर ४०० वॅटचे सौर पॅनल असतील, तर विदर्भातल्या चांगल्या उन्हात, उष्णतेने आणि धुळीने होणारी घट धरूनही, दिवसाला सव्वा ते दीड युनिट मिळते. जमाखर्च जेमतेम जुळतो.

आता यात एसी घाला. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला पाऊण युनिट धरला, तरी रात्रीच्या आठ तासांना सहा युनिटे लागतात. १२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांच्या महागड्या लिथियम बॅटरीत जेमतेम अडीच युनिटे मावतात. म्हणजे ती बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी एसी तीन-साडेतीन तासांत तिला रिकामी करतो, आणि फ्रिजही बंद पडतो. ज्यांना इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, त्यांच्यासाठी हा आरोग्याचा प्रश्न आहे. छतभर पॅनल आणि दुप्पट-तिप्पट बॅटऱ्या बसवणे हा उपाय आहे; पण त्यासोबत वजन आणि खर्चही वाढतो. शिवाय पॅनलला ऊन हवे आणि माणसाला सावली, त्यामुळे गाडी कडुनिंबाखाली लावली की वीज मिळत नाही आणि उन्हात लावली की पत्रा तापून आत थांबवत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, एसीवर विसंबून विदर्भात, मराठवाड्यात किंवा तेलंगणात मे महिना काढण्याचा विचार ज्येष्ठांनी करू नये. चाके आहेत, तर ऋतूप्रमाणे जागा बदलावी. एप्रिल ते जून उत्तरेकडे डोंगरात, पावसाळा नागपूरच्या घरी, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी दक्षिणेत. महामार्ग ४४ मुळे ही दोन्ही टोके एकाच रस्त्यावर येतात, आणि पावसाळ्यात घरी राहिल्याने पोळा आणि महालक्ष्म्याही घरच्याच होतात. फक्त डोंगरात जाताना अडीच हजार मीटरच्या वर एकदम चढू नये. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

रात्रभर इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून एसी लावण्याची पळवाट कोणी सुचवेल. ती जीवघेणी आहे. केरळमधील वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे मृतावस्थेत आढळले, आणि जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे नंतरच्या तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. त्याची सूचना देणारे यंत्र पलंगाजवळ लावलेच पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस मात्र हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास खाली साचतो, म्हणून त्याचे यंत्र जमिनीलगत लावतात, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जागा ठेवतात. पाच किलोचा सिलिंडर केवळ ओळखपत्र दाखवून अनेक पेट्रोल पंपांवर मिळतो आणि दोघांना तो सोयीचा पडतो.

पाणी आणि मैला

१२० लिटरची टाकी जपून वापरली तर दोघांना अडीच-तीन दिवस पुरते. मंदिरांची भक्तनिवासे, गुरुद्वारे, पेट्रोल पंप, ढाबे अशा ठिकाणी विनंती केल्यास पाणी सहसा मिळते. आपल्याकडे पाण्याला नाही म्हणण्याची रीत नाही. खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. गाडीतल्या शौचालयाखाली १८-२० लिटरची सुटी टाकी असते आणि दोघांच्या वापरात ती तीन दिवसांत भरते. ती चाकांवर ओढत न्यायची, एखाद्या शौचालयात ओतायची आणि धुवायची, हे काम दर तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने करावे लागते. भरलेल्या टाकीचे वजन वीस किलोंच्या पुढे जाते, म्हणून कंबरदुखी असलेल्यांनी ती बाहेरच्या दारातून सहज ओढता येते की नाही हे गाडी घेतानाच पाहावे. ती नाल्यात, शेतात किंवा रस्त्याकडेला कदापि ओतू नये. तीत घालायचे द्रावण एन्झाइमचे असावे, कारण फॉर्मल्डिहाइडचे द्रावण सेप्टिक टँकमधले उपयुक्त जिवाणू मारून टाकते आणि आपल्याला शौचालय वापरू देणाऱ्याचेच नुकसान होते.

या कामाची ज्याला किळस येते, त्याने या जीवनाचा विचार सोडून द्यावा असे मी मनापासून सांगेन. दोघांपैकी एकानेच ते कायम करायचे, असेही होऊ नये.

घर विकू नका

अमेरिकेत घर विकून निघण्याची प्रथा आहे, आपल्याकडे ती धोक्याची ठरेल. घराची किंमत सहसा वाढते, गाडीची दरवर्षी घटते. पाच वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली, तर गाडी विकून आलेल्या पैशांत बेसा-मनीषनगरकडे एक खोलीही मिळणार नाही. नागपुरात अजूनही अनेकांची स्वतःच्या प्लॉटवरची दुमजली घरे आहेत. एक मजला भाड्याने द्यावा, त्याचा रीतसर नोंदणीकृत करार करावा, आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, स्नानगृह आणि कपाट स्वतःसाठी ठेवावे. फ्लॅट असल्यास आणि तो सहकारी गृहनिर्माण संस्थेत असल्यास, भाडेकरू ठेवल्याबद्दलचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

घर राहिले की पत्ता राहतो. आधार, बँक, गॅसजोडणी, विमा हे सगळे त्याच पत्त्यावर चालू राहते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार तात्पुरते बाहेर राहिल्याने माणूस आपल्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी राहत नाही असे होत नाही. तरीही मतदार यादीची तपासणी करणारा कर्मचारी दाराशी येतो तेव्हा त्याला उत्तर देणारे कोणीतरी असावे. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता बँकेत न जाता देता येतो. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही ती वापरता येते. निघण्यापूर्वी घरी एकदा सराव करून पाहावा, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अपुऱ्या प्रकाशात चेहरा ओळखण्यास कधी कधी वेळ लागतो.

खर्चाचा अंदाज किलोमीटरवरून बांधावा. अशी गाडी लिटरमागे आठ किलोमीटर जाते असे धरले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर महिन्याला हजार किलोमीटरांना सव्वाअकरा हजार रुपये लागतात आणि तीन हजार किलोमीटरांना जवळजवळ चौतीस हजार, वर टोल निराळा. म्हणजे सावकाश फिरणारा माणूस या जीवनात टिकतो. एका गावी आठ-दहा दिवस थांबले तर पैसा वाचतो, कंबर वाचते आणि त्या गावाची थोडी ओळखही होते.

दोघांपैकी एकाला काही झाले तर

हा प्रश्न घरोघरी टाळला जातो, आणि या लेखात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो.

आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत गाडी नवराच चालवतो. नागपुरात कायनेटिक आणि ॲक्टिव्हावर आयुष्यभर फिरलेल्या, नोकरी केलेल्या स्त्रियाही चारचाकीच्या स्टिअरिंगवर क्वचितच बसल्या आहेत. घरी असताना याने अडत नाही. पण कर्नाटकातल्या एखाद्या आडगावी नवऱ्याला पक्षाघात झाला, तर बायकोजवळ राहते घर आहे आणि ते जागचे हलवण्याचा उपाय नाही, अशी अवस्था होते. म्हणून दोघांनाही ती गाडी चालवता आली पाहिजे, ही अट मी पहिली ठेवीन. साठीनंतरही शिकाऊ परवाना काढता येतो, त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. वहिनींनी, मावशींनी, काकूंनी शिकण्याआधी काकांनी गाडी खरेदी करू नये. तसेच गॅस बंद करणे, बॅटरीचा मुख्य खटका पाडणे आणि टाकी रिकामी करणे ही कामे दोघांनाही डोळे मिटून करता आली पाहिजेत.

आजारपणाची तयारी कागदावर असावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ते देशभरातल्या योजनेतील रुग्णालयांत चालते. त्याचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघण्यापूर्वी काढून घ्यावे. सत्तरच्या आतल्यांनी आपला आरोग्य विमा कोणत्या गावांत रोख न भरता चालतो हे पाहावे. किरकोळ तक्रारींसाठी ई-संजीवनी या सरकारी सेवेतून डॉक्टरांशी मोबाइलवर विनामूल्य बोलता येते. पण मधुमेह, रक्तदाब, डोळे आणि दात यांची तपासणी नागपुरातल्या आपल्याच डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा करावी. त्यासाठी गाडी हाकत येण्याचीही गरज नाही. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपूरला मिळतात, त्यामुळे गाडी विश्वासाच्या ठिकाणी लावून दोघांनी रेल्वेने यावे आणि तपासण्या आटोपून परत जावे.

थांबायचे कधी, हेही निघण्यापूर्वी ठरवावे. एस्केपीज क्लबने लिव्हिंग्स्टनमध्ये अशी एक जागा उभारली आहे की, ज्यांना आता गाडी चालवता येत नाही ते आपल्याच मोटरहोममध्ये राहतात आणि त्यांना जेवण व मदतनीस पुरवले जातात. आपल्याकडे ती जागा म्हणजे घरातली राखून ठेवलेली खोली. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले, गाडीची पायरी चढताना हाताचा आधार लागू लागला, किंवा डॉक्टरांनी परवान्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्यास आढेवेढे घेतले, यांपैकी एक जरी घडले तरी परतायचे, असे दोघांनी मुलांसमोर बोलून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी एकाच्या हट्टापायी दुसऱ्याची फरपट होत नाही.

नोंदणीपुस्तिकेत नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणून जोडीदाराचे नाव लावण्याची सोय २०२१ पासून झाली आहे, ती आवर्जून करून घ्यावी. मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि दुःखात असलेल्या माणसाला दूरच्या गावाहून हे काम करणे फार जड जाते. मृत्युपत्र, विम्याची कागदपत्रे आणि गाडीच्या दुसऱ्या किल्लीची जागा नागपुरातल्या एका विश्वासू नातेवाइकाला ठाऊक असावी.